उसगाळीमळच्या कातळशिल्पांची त्रिमिती प्रतिकृती फुगीर का येते?

कुशावतीकाठ (प्रश्न):
नमस्कार. गोव्यातील सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या सपाट कातळावर वशिंडाचे बैल, हरणे, मनुष्याकृती आणि वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. ही शिल्पे ऊनपावसात उघड्यावर असल्यामुळे त्यांची मोजता येईल अशी नोंद व्हावी, असे मला फार वाटते. त्यासाठी मोबाइल काठीला बांधून, तो सरळ खाली रोखून मी ओळीने छायाचित्रे घेतली आणि मेशरूम या, छायाचित्रे जोडून त्रिमिती प्रतिकृती बनवणाऱ्या आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) जोडली. प्रतिकृती तयार झाली, परंतु प्रत्यक्षात सपाट असलेला कातळ तिच्यात उपड्या परातीसारखा मध्ये फुगलेला दिसतो. शिवाय रेषा उठून दिसाव्यात म्हणून संध्याकाळचे तिरपे ऊन निवडले होते, तरी त्या पुसटच आल्या. कारण काय असावे?

डिचोलीकर:
फुगवट्याचे कारण छायाचित्रांच्या दिशेत आहे. ही आज्ञावली दोन गोष्टी एकाच वेळी शोधत असते: प्रत्येक छायाचित्र कोठून घेतले गेले, आणि भिंगामुळे चित्र कडेला किती वाकते. सगळी छायाचित्रे समांतर, सरळ खाली रोखलेली असली, की भिंगाचा वाक आणि जमिनीचा वाक यांत फरक करण्यास तिच्याकडे पुरावाच राहत नाही आणि भिंगाच्या मापनातील थोडीशी चूक कातळाच्या फुगवट्यात उतरते. ड्रोनने केलेल्या सर्वेक्षणातही हाच दोष आढळतो.

उपाय सोपा आहे. सरळ ओळी घ्याच, लगतच्या छायाचित्रांत सुमारे 80 टक्के भाग समान राहू द्या, आणि त्यांच्या जोडीला चारही बाजूंनी 20 ते 30 अंश तिरका रोख ठेवून त्याच भागाची छायाचित्रे घ्या. काही छायाचित्रे मोबाइल 90 अंशांत फिरवून घ्यावीत. मुख्य भिंगच वापरा, झूम करू नका, फोकस कायम ठेवा आणि नंतर चित्रे कापू नका.

खात्री करण्यासाठी गवंड्याची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी शिल्पाच्या बाजूला ठेवून तीही छायाचित्रांत येऊ द्या. प्रतिकृतीत पट्टी वाकली असेल, तर कातळाचा आकारही विश्वासार्ह नाही.

पणजीहून:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रेषांबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिरप्या उन्हाचा मोह सर्वांनाच होतो. डोळ्यांना ते ऊन उपकारक ठरते; आज्ञावली मात्र दगडाच्या पोतावरील ठिपके जुळवते, आणि गडद सावलीत ते ठिपकेच हरवतात. त्यातच काम चालू असताना सावली सरकते, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या छायाचित्रांत तोच दगड वेगळा दिसतो. जांभ्याचा सच्छिद्र, खडबडीत पोत या कामाला अतिशय अनुकूल आहे. तो नीट दिसू द्यावा. ढगाळ सकाळ उत्तम, नाहीतर पांढऱ्या कापडाची सावली धरावी. प्रतिकृती तयार झाल्यावर तिचा रंग काढून टाका आणि संगणकातच बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ लागून जाईल असा तिरपा प्रकाश सोडा. हवा तो कोन तिथे हवा तेवढा वेळ मिळतो आणि प्रत्यक्ष उन्हात न दिसलेली खोदरेषाही त्यात सापडू शकते.

अंतराचाही हिशोब करा. 4000 पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात 1.2 मीटर कातळ मावत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे 0.3 मिलिमीटर. उथळ रेषांसाठी एवढा बारकावा हवाच. केवळ छायाचित्रांवरून आकार मिळतो, खरे माप मिळत नाही. म्हणून ज्यांच्यातील अंतर नेमके मोजलेले आहे अशा खुणा कातळावर, पण शिल्पापासून दूर ठेवाव्यात.

एक कळकळीची विनंती: रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्या खडूने भरू नका आणि शिल्पावर पाय देऊ नका.

कुशावतीकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक कार्ड नाही. त्यावर एवढी छायाचित्रे जोडता येतील का?

डिचोलीकर:
मेशरूम आणि कोलमॅप या दोन्ही मोफत आज्ञावल्यांना दाट पृष्ठभाग काढण्याच्या टप्प्यावर एनव्हिडियाचे कार्ड लागते. मेटाशेप त्याविनाही चालते, परंतु वेळ बराच लागतो आणि ती विकत घ्यावी लागते. तूर्त एकट्या चक्रव्यूहाचीच छायाचित्रे जोडून पाहावीत. मूळ छायाचित्रे मात्र कोणताही बदल न करता दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढे अधिक चांगल्या आज्ञावल्या आल्या, तर याच छायाचित्रांवरून नवी प्रतिकृती काढता येईल.