पेजमेकर ७ आणि जुनं मराठी लॉक विंडोज ११ वर चालवायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशकात रविवार कारंजाजवळ आमचं डीटीपीचं काम आहे. पंचवटी आणि त्र्यंबकच्या गुरुजींसाठी स्तोत्रांच्या पुस्तिका, आरतीसंग्रह, पूजासाहित्याच्या याद्या. सगळं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, विंडोज एक्सपीच्या मशीनवर केलेलं. ते मशीन आता मधेच बंद पडतं आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून विंडोज ११ चा नवा संगणक घेतला.

पेजमेकर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की नव्या मशीनवर उघडतो. फाँट टाकलेले असल्यामुळे जुन्या फाइलीही नीट दिसतात. अडतंय ते टायपिंगला. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर (पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावली तरच सॉफ्टवेअर चालतं) चालतं आणि त्या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. त्यावर ३२ बिटचा प्रोग्राम चालतो, ३२ बिटचा ड्रायव्हर मात्र बसत नाही. त्यामुळे अख्खी पुस्तिका पडद्यावर दिसते, पण तिच्यात एक मात्रा सुधारता येत नाही.

"सगळं युनिकोडला न्या" असं बरेच जण सांगतात. नवीन कामं आम्ही युनिकोडमध्येच करतो. पण जुन्या फाँटमध्ये साठवलेला असतो तो अक्षराचा आकार. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. 'मूर्तिं'सारख्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की आम्ही वापरून पाहिलेला कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) गोंधळतो. 'दंष्ट्रा', 'ऊर्ध्व' यांचंही तेच. या पुस्तिकांची प्रुफं एका वृद्ध वेदपाठी गुरुजींनी अक्षर न् अक्षर वाचली होती. ते आता नाहीत. मजकूर बदलला की तो सगळा पुन्हा वाचावा लागणार, आणि तितक्या अधिकाराने वाचणारा माणूस आम्हाला सापडलेला नाही. मंत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पुस्तिका परत येते, आणि यायलाच हवी.

२०२७ च्या सिंहस्थासाठी विचारणा सुरू झाली आहे. बहुतेक ठिकाणी फक्त पत्ते, फोन नंबर आणि एखादं पान बदलायचं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) एक्सपी टाकून हे लॉक चालेल का? कुणी रोजच्या कामाला असं वापरतं का? आणि छपाईच्या प्लेटसाठी पीडीएफ कशी काढता?

प्रतिसाद (सातपूरहून):

दादा, आमच्या प्रेसमध्ये असंच चालू आहे. पण आधी जुन्या हार्डडिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, बाकी सगळं नंतर.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिटचं एक्सपी टाका, १ जीबी रॅम भरपूर झाली. यूएसबीच्या सेटिंगमध्ये २.० निवडा, कारण एक्सपीकडे ३.० चा ड्रायव्हर नसतो. तिथेच लॉकचं फिल्टर (हे उपकरण आत द्यायचं, अशी नोंद) जोडा, म्हणजे लॉक लावलं की ते थेट आतल्या एक्सपीला मिळतं. ड्रायव्हर फक्त आत टाकायचा, बाहेरच्या विंडोजला त्याची गरज नाही. काही लॉक व्हर्च्युअल मशीन ओळखून नकार देतात, म्हणून फाँट आणि फाइली हलवण्याआधी एवढंच तपासा.

एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे आतलं इंटरनेट बंद ठेवा. फाइली शेअर्ड फोल्डरमधून न्या-आणा.

पीडीएफसाठी आत एखादा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर ड्रायव्हर टाकून डीफॉल्ट करा. पेजमेकरमधून फाइलवर प्रिंट द्या आणि ती पोस्टस्क्रिप्ट (पीएस) फाइल बाहेर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड झालेत का ते प्रत्येक वेळी बघा, नाहीतर प्लेटवर रोमन अक्षरांचा कचरा येतो.

इनडिझाइन सीएस६ सुद्धा पेजमेकर ७ च्या फाइली उघडतं, पण ओळी वेगळ्या तुटतात. स्तोत्राला ते चालणार नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार भाऊ. ओळी तुटण्याचा मुद्दा फार मोलाचा, कारण श्लोक पानाच्या शेवटी पुरा व्हावा अशीच मांडणी केलेली आहे. हार्डडिस्कची प्रत आजच काढायला घेतो. लॉक आत दिसलं की इथे लिहीन. तोवर एक विचारतो: व्हर्च्युअल मशीनचं अख्खं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या संगणकावर ठेवलं, तर हेच लॉक काढून तिथे फक्त लावायचं, की फिल्टर पुन्हा जोडावं लागतं?