पाळणा लांबवायचाय, पण घरचे तयार नाहीत. सही कोणाची लागते?

वस्तीताई, हडपसर:
आमच्या गटातल्या एकीची मुलगी आठ महिन्यांची, अंगावर पितेय. सासूबाईंचं टुमणं एकच, लगेच दुसरं होऊ द्या. हिला तीन वर्षं थांबायचंय. दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याला घेऊन या. तांबीला (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) त्याची सही लागते का? घरात बभ्रा न होता काय वापरता येईल?

सिस्टर:
नाही लागत. संमती तिची एकटीची. अगदी कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनलाही जोडीदाराची सही सक्तीची नाही. ‘पद्धत आहे’ म्हणून मागतात.
तांबी 380ए दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं. हवी तेव्हा काढता येते. लपवायची असेल तर तांबीचा दोरा फार आखूड कापू देऊ नका. आखूड दोरा नवऱ्याला टोचतो. थोडा लांब ठेवला तर मऊ पडून आत वळतो. पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जातं, म्हणून आधी हिमोग्लोबिन बघा. पहिल्या पाळीनंतर दोरा तपासून घ्या, कारण तांबी निसटते ती बहुधा सुरुवातीलाच. ‘वर चढून छातीत जाते’ हे मात्र कुणी सांगितलं तर सोडून द्या.

फार्मासिस्ट:
अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. टोचल्यावर जागा चोळायची नाही, शेकायची नाही. दुधाला बाधा नाही. पण पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि घरात तारखा मोजणारं कुणी असेल तर लगेच पेढ्यांची भाषा सुरू! शिवाय शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे आधीच सांगा. इंजेक्शनचं कार्ड आशाताईंकडे ठेवलेलं बरं.
छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. गोळ्यांचं पाकीट उशीखाली सापडतंच, एवढीच अडचण.

वस्तीताई:
आणि तरीही दिवस गेले तर?

सिस्टर:
गर्भनिरोधक फसल्याच्या कारणावरून 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो. गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अविवाहितेलाही हे लागू आहे. वय 18 पूर्ण असेल तर संमती तिचीच, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक. मान्यताप्राप्त केंद्रातच जा. एक बघा, ‘मुलगा आहे का बघून मग ठरवू’ असा सूर घरात निघाला तर सांगा, गर्भलिंग तपासणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.
नवऱ्याशी बोलायचं असेल तर आधी तिला एकटीला विचारा, सासूबाईंना बाहेर बसवून. समोर असल्या की ती ‘घरचे म्हणतील तसं’ एवढंच म्हणते.