लडाखच्या ट्रिपवर नीट एस्प्रेसो कशी करायची? सोबत काय न्यावं?

रस्तेवेडा_ठाणे

मंडळी, जूनअखेरीस आम्ही चौघं गाडी घेऊन मनालीमार्गे लेहला चाललोय, वाटेत जिस्पाला मुक्काम, मग लेह, नुब्रा, पँगाँग. राहायचं बहुतेक सगळीकडे होमस्टेमध्येच. घरी गॅजिया क्लासिक हे एस्प्रेसो मशीन आहे, सकाळचा शॉट (एका वेळची एस्प्रेसो) नीट झाला की पुढचा दिवस सुरळीत जातो अशी सवय लागलीये, आणि आमच्यातल्या दोघांना तर इन्स्टंट घशाखालीच उतरत नाही. गाडी आपली असल्यामुळे वजनाचं फार टेन्शन नाही, पण डिकीत चौघांच्या बॅगा, पंक्चर किट, पेट्रोलचा कॅन असं सगळं कोंबायचंय म्हणून छोटंच काहीतरी हवंय.

डोक्यात तीन पर्याय आहेत, नॅनोप्रेसो, पिकोप्रेसो (दोन्ही हाताने पंप मारायची छोटी एस्प्रेसो मशिन्स) नाहीतर सरळ मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं). घरचा ग्राइंडर इलेक्ट्रिक आहे, तो काही नेता येणार नाही, तर निघायच्या आदल्या रात्री दळून डब्यात भरून नेली तर चालेल का? आणि मेन प्रश्न, तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणतात, मग एस्प्रेसो आंबटच होणार का? वर जाऊन ज्यांनी खरंच केलीये त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गुरगुर चहा (लडाखी लोणी-मिठाचा चहा) पिणारच आहे, त्यामुळे "तिथे जाऊन कॉफी कशाला" असं प्लीज नका लिहू.

कट्टेकरी

मोका पॉट घ्या आणि मोकळे व्हा. होमस्टेत गॅस असतोच, स्वयंपाकघरात जाऊन विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. बियालेट्टीने १९३३ मध्ये आणलेली वस्तू आहे, अजून मूळ रचना तीच, बिघडण्यासारखं त्यात एक रबर आणि एक व्हॉल्व्ह सोडून काही नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियमचा साधा मोका इंडक्शनवर तापत नाही, त्यामुळे कुठे इंडक्शनच असेल तर अडकाल, स्टीलच्या बुडाचा मिळतो तो घ्या. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी भरा म्हणजे कॉफी करपत नाही.

हातपंप_नाशिक

कट्टेकरी भाऊ, मोका माझाही आवडता आहे पण यांनी एस्प्रेसो विचारलीये. मोकात वाफेचा दाब जेमतेम एक-दीड बार (बार हे दाबाचं माप) होतो आणि एस्प्रेसोला ९ च्या आसपास लागतो, त्यामुळे मोकाची कॉफी कडक होते, दुधात झकास लागते, पण एस्प्रेसोचा तो दाटपणा आणि वरची क्रेमा (तपकिरी फेस) त्यात येत नाही. चौघंही दूध घालूनच पिणार असाल तर मोकाच न्या, खरंच पुरे आहे. काळी पिणार असाल तर पुढचं वाचा.

बॉक्सवर सगळे बारचे आकडे छापतात, १५ बार, १८ बार, आणि घेणारा तेच बघून घेतो. पण दाबाचा प्रश्न या हातपंपाच्या मशिन्सनी केव्हाच सोडवलाय आणि उंचीचा त्याच्यावर काही परिणामही होत नाही, कारण दाब आपला हात देतो. प्रवासात कॉफी बिघडते ती दोनच गोष्टींनी, एक दळण आणि दुसरं म्हणजे पाण्याची धग कपात पोचेपर्यंत टिकत नाही ते. सगळा खर्च आणि सगळं लक्ष या दोन गोष्टींवर ठेवा, मशीन कुठलं हा त्यानंतरचा मुद्दा.

आधी तापमान. साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक डिग्रीने खाली येतो. म्हणजे मनालीत ९३, जिस्पाला ८९, लेह ३५०० मीटरवर आहे तिथे ८८, आणि पँगाँगला ४२०० च्या वर ८६ च्या आसपास. घरी मशीनमधून ९० ते ९६ चं पाणी कॉफीवर पडतं. आता ८८ मध्ये आणि ९० मध्ये तसा फार फरक नाही, पण गंमत अशी की ते ८८ चं पाणी तुम्ही रात्रभर गारठलेल्या स्टीलच्या मशीनमध्ये ओतता आणि ते धातूच आधी आठ-दहा डिग्री खाऊन टाकतं, मग कॉफीपर्यंत पोचतं ते ७८-८० चं पाणी. आंबटपणा येतो तो इथून. म्हणून मशीन तापवून घ्यायचं, नीट तापवायचं. मी असं करतो: पाणी उकळलं की पहिलं पाणी मशीनच्या टाकीत भरायचं, बास्केट (कॉफी भरायची जाळीची वाटी) रिकामीच लावायची आणि पंप मारून सगळं पाणी तिच्यातून कपात काढायचं. कपही तापतो. मग तेच परत एकदा. दुसऱ्यांदा हाताला स्टील इतकं गरम लागलं पाहिजे की धरवत नाही, रुमाल लागतो. तोपर्यंत केटल परत चालू करून ठेवायची, बास्केट पटकन पुसायची, दळलेली कॉफी भरायची, टॅम्प करायची (दाबून सपाट करायची), आणि उकळी फुटलेल्या क्षणी पाणी ओतायचं. इथे घाटाखाली आपण "उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा" सांगतो ना, ते वर अजिबात करायचं नाही.

पहिले सात-आठ स्ट्रोक हळू, खाली थेंब दिसायला लागले की दहा सेकंद थांबायचं, सगळा पक (दाबलेल्या कॉफीची चकती) नीट भिजू द्यायचा, मग एका लयीत पंप करत राहायचं. घरी १८ ग्रॅम कॉफीला ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढत असाल तर तिकडे ४५ पर्यंत जा, थोडं जास्त पाणी गेलं की आंबटपणा खाली बसतो. धार लवकर फिकट पडली तर मात्र तिथेच थांबा.

बिया मीडियम-डार्क (जरा जास्त भाजलेल्या) न्या. लाइट रोस्टमधून कमी तापमानाला गोडवा बाहेर येत नाही, घरी कितीही आवडत असला तरी. ब्लू टोकाय कंपनीची अट्टिकन कॉफी या कामाला फार चांगली आहे, नाहीतर नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनकडे विचारा, एस्प्रेसोसाठी जरा डार्क काय आहे ते. थोडी रोबस्टा (कॉफीची कडक जात) असलेलं ब्लेंड असेल तर अजून बरं, क्रेमा दाट येते.

आता दळण. आदल्या रात्री दळून नेऊ नका हो. एस्प्रेसोचं दळण इतकं बारीक असतं की त्याचा वास तासाभरातच उतरायला लागतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे मग तुमच्या हातात काही बदलायलाच उरत नाही. लेहला शॉट पंधरा सेकंदात धो धो आला तर करणार काय? बारीक करायला ग्राइंडरच नाही. किंगराइंडर के६ हा हातग्राइंडर बघा, एका क्लिकला (दळणाची जाडी बदलायचा एक टप्पा) १६ मायक्रॉन सरकतो, एस्प्रेसोला तेवढं पुरतं. जे-मॅक्स अजून बारीक, ८.८ मायक्रॉन, पण महाग आहे. टाइममोअर सी२ बऱ्याच जणांकडे असतो, फिल्टरला छान आहे, पण त्याचा एक क्लिक एवढा मोठा की एका क्लिकला पाणी धो धो वाहतं आणि पुढच्या क्लिकला पंप दाबला जात नाही, मधलं काही मिळतच नाही.

आणि यावरूनच ठरतं की नॅनो घ्यायचा का पिको. चांगला ग्राइंडर घेणार असाल तर पिकोप्रेसो, १८ ग्रॅमची खरी बास्केट, घरच्यासारखा शॉट निघतो. ग्राइंडरवर खर्च करायचाच नसेल तर नॅनोप्रेसो. त्याची साधी बास्केट ८ ग्रॅमची आहे पण रचना अशी की दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. पिको सांभाळून घेत नाही.

रस्तेवेडा_ठाणे

वा, हे पाहिजे होतं. हातपंप दादा, मनापासून धन्यवाद. के६ आणि पिको असं जवळपास ठरलं. अजून दोन शंका. माझ्याकडे तापमान सेट करायची केटल आहे ती नेऊ का? आणि घरून एकाने सुचवलंय की कुकरमध्ये पाणी तापवायचं, वर डाळ शिजायला कुकर लागतोच ना तसं, मग पाणी १०० च्या वर जाईल. हे चालेल?

हातपंप_नाशिक

कुकरमध्ये पाणी १०० च्या वर जाईल हे अगदी बरोबर, पण झाकण काढायला दाब उतरवावा लागतो, आणि दाब उतरला की पाणी तिथल्या तिथे उकळून परत ८८ वर येतं. तुम्ही ओतणार तेव्हा ते ८८ चंच असणार. गॅस फुकट.

ती केटल नका नेऊ. ९३ ला सेट केलीत तर लेहला पाणी ९३ ला कधी पोचतच नाही, केटल आपली उकळत राहणार आणि पाणी आटत राहणार. साधी, उकळी आली की खटकन बंद होणारी केटल बरी, ती वाफेवर बंद होते त्यामुळे उंचीवरही वेळेत होते. आणि एक मोठा थर्मास न्या. वीज गेली, इन्व्हर्टरवर १५०० वॅटची केटल चालत नाही. स्वयंपाकघरातून उकळतं पाणी थेट थर्मासमध्ये घ्या, तेही थर्मास आधी गरम पाण्याने विसळून.

बिया घरीच १८-१८ ग्रॅमच्या छोट्या झिप पाऊचमध्ये भरून घ्या, म्हणजे वजनकाटा रोज काढावा लागणार नाही. पाऊचमधली हवा मात्र दाबून काढा, वर गेल्यावर सगळे टम्म फुगतात, एखादा उघडतो आणि बॅगभर बिया.

स्टेथोस्कोप

कॉफी कशी करायची ते वर आलंच आहे, मी पेशाने डॉक्टर आहे म्हणून एक वेगळा मुद्दा लिहिते. लेहला जाताना "उंचीवर कॉफी बंद करा" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि लोक आदल्या दिवसापासून बंद करतात. ज्यांना रोज दोन-तीन कपांची सवय आहे त्यांचं कॅफीन अचानक तुटलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, मळमळल्यासारखं होतं, थकवा येतो. हीच लक्षणं उंचीच्या त्रासाचीही आहेत. मग तुम्हालाही कळत नाही आणि तिथल्या डॉक्टरलाही पटकन कळत नाही की हे नक्की कशाचं आहे. तेव्हा नेहमीइतकी कॉफी घ्या, सवयीपेक्षा जास्त नको, संध्याकाळनंतर नको कारण उंचीवर झोप तशीही तुटक लागते. पाणी भरपूर प्या. आणि डोकेदुखी कॉफी घेऊनही थांबत नसेल, चालताना झोक जात असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तर कॉफीचा विचार सोडून लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा, "सकाळी बघू" करू नका.

कोथरूडची_मावशी

फार छान धागा. थोडं विषयांतर करते, चालेल ना? मी सप्टेंबरमध्ये लेकीकडे अमेरिकेत चाललेय, मध्ये दोन आठवडे आम्ही गाडीने फिरणार, मोटेलमध्ये राहणार. माझ्याकडे नॅनोप्रेसो आहे आणि छोटा हातग्राइंडर आहे. इथली केटल तिकडे फक्त प्लगचा अ‍ॅडाप्टर लावून चालते का? आणि कॉफी नेऊ देतात का?

एडिसनकर

मावशी, केटल अजिबात आणू नका. इथे अमेरिकेत १२० व्होल्ट आहेत आणि आपली केटल २३० ची. व्होल्ट निम्मे झाले की पॉवर निम्मी होत नाही, पावपट होते, म्हणजे तुमची १५०० वॅटची केटल इथे ४०० वॅटवर चालेल आणि एवढंसं पाणी तापायला बसून राहावं लागेल. इथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात साधी केटल स्वस्तात मिळते, लेकीला आधीच घेऊन ठेवायला सांगा. मोटेलच्या खोलीत केटल सहसा नसते, कॉफीमेकर असतो. त्यातून पाणी काढाल तर ते पुरेसं गरमही नसतं आणि त्याला आदल्या पाहुण्याच्या कॉफीचा वास असतो, त्यामुळे स्वतःची केटल गाडीत ठेवाच.

भाजलेल्या बिया आणता येतात, कस्टमच्या फॉर्मवर खाण्याची वस्तू म्हणून सांगायचं, लपवायचं काही कारण नाही. दळलेली कॉफी मात्र केबिन बॅगेत नको, अमेरिकेला येणाऱ्या विमानात ३५० मिलीच्या वर पावडर असेल तर वेगळी तपासणी करतात. सरळ चेक-इनमध्ये टाका. हातग्राइंडरही चेक-इनमध्येच बरा, एक्स-रेमध्ये तो जड लोखंडी नळकांडं दिसतो आणि मग बॅग उघडायला लावतात.

बॅटरीवर पाणी तापवणारी मशिन्स हल्ली बरेच जण घेतात, आउटिन वगैरे, त्यांचं उलटं आहे. लिथियम बॅटरी असते म्हणून ती केबिनमध्येच नेलेली बरी.

कट्टेकरी

आणि आपल्याकडे ट्रेनमध्ये कोणी केटल लावायचा विचार करत असेल तर करू नका, रेल्वेत त्याला बंदी आहे, ते सॉकेट मोबाईल-लॅपटॉपपुरतेच असतात. थर्मास भरून न्या, हातपंपाचं मशीन बर्थवर बसून चालवता येतं, सकाळी सकाळी आख्ख्या डब्यात वास सुटतो आणि समोरचे काका मग चौकशी करायला येतातच.

रस्तेवेडा, पिको घेतलंत तरी चौघांना एकामागून एक शॉट काढायला वेळ लागेल, दर वेळी पाणी, दर वेळी पक, त्यात के६ वर १८ ग्रॅम दळायचे म्हणजे प्रत्येकी मिनिटभर हात फिरवणं. दुधवाल्यांसाठी मी सांगितलेला मोका ठेवाच सोबत, म्हणजे काळी पिणाऱ्यांचेच शॉट उरतात.

रस्तेवेडा_ठाणे

हे पटलं, मोका बहिणीकडे पडून आहे, तो घेतो. डॉक्टर ताई, तुमचा मुद्दा ग्रुपवर टाकला, आमच्यातला एक जण खरंच परवापासून बंद करणार होता. हातपंप दादा, शेवटचं एकच, पँगाँगला तंबूत राहिलो तर धुवायचं कसं? तिथे सकाळी नळाला पाणी असेलच असं नाही.

हातपंप_नाशिक

धुवायला फार पाणी लागत नाही. पक ठोकून एका झिप पाऊचमध्ये टाका, खाली लेहला आलात की कचऱ्यात. बास्केट आणि वरची जाळी टिश्यूने पुसा, थर्मासमध्ये उरलेलं गरम पाणी टाकीत भरून एकदा पंप मारा, झालं. नंतर मात्र रिकामेच आठ-दहा स्ट्रोक मारून पंपातलं सगळं पाणी बाहेर काढा, कारण रात्री तिथे शून्याच्या खाली जाऊ शकतं आणि आत राहिलेलं पाणी गोठलं तर फुगून सील फाटतं. मशीन रात्री तंबूत, बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा, गाडीत नको. आणि निघायच्या आधी घरी एक आठवडा रोजची कॉफी पिकोवरच करा, गॅजियाला सुट्टी द्या. के६ चा आकडा तिथेच बसवून घ्या, आणि लेहला पहिल्या दिवशी त्याच्यापेक्षा दोन क्लिक बारीक करून सुरू करा.