‘व्हेरिफाय मारा, झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

परळकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘मॉड टाकण्याआधी बॅकअप घेणारे उगाच घाबरतात. स्टीमवर व्हेरिफाय मारा, गेम कोरा करकरीत.’ (नवख्यांसाठी: मॉड म्हणजे गेम बदलायला चाहत्यांनी बनवलेल्या फाइली, स्टीम म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायचं अ‍ॅप, आणि व्हेरिफाय म्हणजे त्यातली गेमच्या फाइली तपासायची सोय.) त्याला भराभर लाइक पडले. राहवलं नाही, कारण हाच सल्ला ऐकून माझ्या धाकट्या भावाची दिवाळीची सुट्टी वाया गेली.

स्टीमकडे फाइलींची यादी असते. यादीतली फाइल बदललेली किंवा गायब दिसली तर तेवढी परत उतरवतं. यादीत नसलेल्या फाइलीला हातच लावत नाही. आणि मॉड म्हणजे बहुतेक वेळा नव्या फाइलीच! भावाच्या स्कायरिम गेमच्या डेटा फोल्डरमध्ये टेक्श्चर्स, मेशेस, स्क्रिप्ट्स असे मॉडचे सुटे फोल्डर पडले होते. गेमचा मूळ माल बीएसए नावाच्या गठ्ठा-फाइलींत असतो, पण सुटी फाइल दिसली की गेम गठ्ठा सोडून तीच उचलतो. व्हेरिफाय पूर्ण, सगळं ठीक असल्याचा निरोप, आणि गेममधल्या व्हाइटरन शहराच्या दारातला पहारेकरी मॉडमधलंच चिलखत घालून उभा. दोन पावलं पुढे गेलं की गेम बंद.

भांडुप७८: ते मीच लिहिलं होतं. माझ्याकडे दहातले नऊ वेळा चालतं. नाही चाललं तर गेम काढून परत टाकायचा. एवढा निबंध कशाला?

परळकर: काढल्यावर फोल्डर उघडून बघितलास कधी? स्टीम स्वतः टाकलेल्या फाइली काढतं, तू टाकलेल्या तिथेच राहतात. नवा गेम त्याच कचऱ्यावर येऊन बसतो. सेटिंगच्या आयएनआय फाइली तर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये असतात, त्यांचं कोणी नावच घेत नाही.

माहीमची_पोर: ‘परत टाका’ म्हणे. शंभर जीबीचा गेम शंभर एमबीपीएसला सव्वादोन तासांत येतो. आमच्या दहाच्या लाइनवर बावीस तास! बिल्डिंगमध्ये एकच केबलवाला, सेक्रेटरी दुसऱ्याची वायर डक्टमधून येऊच देत नाहीत. पावसाळ्यात गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरलं की दोन दिवस नुसतं ‘माणूस पाठवतो’.

भांडुप७८: मग सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये, उभं राहून बोल ना. आमच्याकडे आम्ही बोललो, तीन कंपन्या आल्या.

माहीमची_पोर: भाड्याने राहते मी. एजीएममध्ये भाडेकरूला कोण विचारतं? मालकांना दोनदा सांगितलं, ते पुण्यात, त्यांना काय फरक पडतो. घरून काम करते, मीटिंग चालू असताना नेट गेलं की मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून बसते. तू तीन कंपन्यांचं सांगू नकोस मला.

गिरगावचा_काका: बाई खरं बोलतेय. आमच्या चाळीत जिन्यातून वायर न्यायला दीड वर्ष लागलं, तळमजल्यावरच्यांची परवानगी मिळेना. कमिटीत बसलेल्यांना नेट म्हणजे चैन वाटते.

भांडुप७८: काका, धागा मॉडचा आहे. सगळ्यांनी मिळून माझ्यावरच का घसरताय?

गिरगावचा_काका: घसरत नाही रे, मुद्द्यावरच येतो. व्हेरिफायने ‘मूळ’ गेम मिळतो म्हणतोस, पण कुठला मूळ? जीटीए फोर हा गाड्यांचा गेम मी लॅमिंग्टन रोडवरून डीव्हीडीवर घेतला होता. २०१८ साली गाण्यांचे परवाने संपले आणि अपडेटमध्ये बरीच गाणी काढली, गेममधल्या व्लादिवोस्तोक रेडिओ स्टेशनची तर जवळजवळ सगळी. आज व्हेरिफाय मारलंस तर ती गाणी नसलेलाच गेम ‘मूळ’ म्हणून येतो. मी ज्या गाण्यांवर गाडी चालवली ती माझ्या डीव्हीडीतच आहेत.

परळकर: हेच काका! स्कायरिमचंही तसंच. ११ नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटने ईएक्सई, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, बदलली आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोडप्रोग्रामवर चालणारे मॉड बंद पडले. व्हेरिफायने जुनी ईएक्सई परत येत नाही, ताजीच येते. म्हणून मॉड टाकण्याआधी अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवायचा.

भांडुप७८: २५६ जीबीच्या एसएसडीवर? घरात एकच पीसी, त्यात बाबांचं टॅली. मला जागा दे, मी कॉपी ठेवतो.

परळकर: बरं, जागेचं मान्य. मग मॉड ऑर्गनायझर हा प्रोग्राम वापर. मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, गेम चालू असेपर्यंतच त्याला दिसतात. डेटा फोल्डर स्वच्छ.

माहीमची_पोर: पण एक्स्टेंडरचा लोडर गेमच्या फोल्डरमध्ये हातानेच टाकावा लागतो. तो काढायला विसरू नका, मी विसरले होते.

भांडुप७८: रात्री घरी येऊन फोल्डर उघडला. तीन वर्षांपूर्वी काढलेल्या ईएनबी या ग्राफिक्स मॉडची डी३डी११.डीएलएल ईएक्सईच्या शेजारीच आहे. मधे दोनदा गेम परत टाकलाय मी. सावल्या काळ्या दिसायच्या, मी ग्राफिक्स कार्डाला दोष देत होतो. ठीक आहे परळकर, ‘कोरा करकरीत’ हा शब्द मागे घेतो. बाकी नऊ वेळा चालतं ते चालतंच.

परळकर: ईएनबीसिरीज फोल्डर आणि ईएनबीलोकल आयएनआय पण असेल बघ. तेही उडव.

भांडुप७८: आहेत दोन्ही. उडवतोय.