मदत हवी आहे : पहाटेच्या धावण्याच्या वाटेवर जनावर येऊ लागले आहे

कालवाकाठ
गेली सहा वर्षे पहाटे कालव्याच्या वाटेने धावण्याचा माझा परिपाठ आहे. डावीकडे तलाव, उजवीकडे जंगल आणि मधे साडेतीन किलोमीटरची मातीची वाट. पायाजवळून रातवा उडतो, चार हातांवर जाऊन बसतो आणि जवळ गेले की पुन्हा उडतो. चितळे मान वर करून पाहतात आणि ओळखीचे माणूस दिसावे तशी पुन्हा चरू लागतात. उजाडताना भाताच्या बांधीतून सारसाच्या जोडीची हाक येते, तेव्हा स्वतःच्या श्वासाचा आवाजसुद्धा नकोसा होतो. मात्र गेल्या आठवड्यात दोनदा वाटेवर जनावर आडवे आले आणि दुसऱ्या वेळी अंतर जेमतेम वीस पावलांचे होते. घरून धावणे बंद करण्याचा हुकूम सुटला आहे. मला धावणे बंद करायचे नाही, वाट बदलायची नाही आणि वेळ बदलता येणार नाही. काय करावे, ते कृपया आजच सांगावे, कारण उद्या पहाटे पुन्हा तोच प्रश्न आहे.

सागवान
तालुका कोणता, निघण्याची वेळ कोणती आणि मुख्य म्हणजे जनावर कोणते? आमच्या चंद्रपूरकडे नुसते ‘जनावर’ म्हटले की वाघच समजतात. एवढेही न सांगता उपाय मागणे म्हणजे नाडी न दाखवता औषध मागणे आहे.

ढोलीतले घुबड
सारसाची हाक ऐकता, त्याअर्थी आपण गोंदिया जिल्ह्यातले असणार, कारण महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः तिथेच. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून तिथल्याच नागझिरा अभयारण्यात सोडल्या होत्या, तेव्हा वाघ दिसल्यास नवल नाही. सुंदरबनात मध काढणारे लोक डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधत, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो. मी स्वतः दोन वर्षे असा मुखवटा बांधून पहाटे सायकल चालवतो आणि वाघाने मला एकदाही त्रास दिलेला नाही.

सागवान
आपण सायकल कोठे चालवता, तेही सांगून टाका.

ढोलीतले घुबड
नागपुरात, फुटाळा तलावाच्या बाजूने. पण तत्त्व बदलत नाही.

खाकीचे स्वप्न
भाऊ, पोलीस भरतीची तयारी करत असाल तर जंगलात जाण्याची गरजच नाही. १६०० मीटरसाठी सपाट मैदान लागते. आम्ही गावच्या शाळेच्या मैदानावर चुना टाकून फेरी आखली आहे. मातीच्या वाटेवर धावून वेळ कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

कालवाकाठ
मी भाऊ नाही, ताई आहे. वय त्रेचाळीस असून भरतीशी माझा काहीही संबंध नाही. गाव नवेगावबांधच्या बाजूचे आहे. मी शिक्षिका आहे. उन्हामुळे सध्या सकाळची शाळा आहे आणि गाव ते शाळा बारा किलोमीटर गाडी चालवावी लागते, म्हणून साडेचारला निघून साडेपाचला परतते. जनावर म्हणजे अस्वल. पहाटे नाव घ्यायचे नाही, अशी आमच्या घरची रीत असल्यामुळे लिहिताना तसेच लिहिले गेले. दुसऱ्या वेळी मादी होती आणि तिच्या पाठीवर दोन पिल्ले होती.

सागवान
हेच पहिल्या ओळीत लिहिले असते, तर मुखवट्यांची चर्चा टळली असती.

तेंदूपान
ताई, मी बावीस वर्षे वनमजूर होतो. पिल्ले पाठीवर असलेली मादी वीस पावलांवरून निघून गेली, याला नशीबच म्हणायचे. अस्वल डोळ्यांनी अधू, कानांनी बेताचे आणि नाकाने तिखट असते. ते खाण्यात गुंतले असले, की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग दचकून ते पळण्याऐवजी अंगावर येते. तुमच्या वाटेच्या उजव्या अंगाला मोहाची झाडे नक्की असतील. सध्या पहाटेच्या अंधारात मोह गळतो आणि त्याच वेळी अस्वल झाडाखाली येते. मोह वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात, ते याचमुळे.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. वारा पाठीवर असेल, तर तुमचा वास तुमच्याआधी पोचतो आणि अस्वल बहुधा आपणहून बाजूला होते. वारा तोंडावर असेल, तर वळणावर तुम्ही अचानक त्याच्यासमोर उभ्या राहता. तरीही मोह गळून संपेपर्यंत अंधारात ही वाट नको, असेच मी सांगेन. सध्या सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला चांगले फटफटलेले असते. पुन्हा समोर आले तर पाठ फिरवून धावू नका; तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे सरा. दोनदा दिसले आहे, तेव्हा वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा, कारण त्या झाडांखाली तुमच्या गावच्या बायकाही जात असतील.

ढोलीतले घुबड
काठीला घुंगरू बांधून धावल्यास अस्वलाला आधीच चाहूल लागेल.

कालवाकाठ
घुंगरू वाजवत धावायचे, तर रातवा वाटेवर बसणार नाही आणि सारस मला ऐकू येणार नाही. मग त्या वाटेने जायचे तरी कशाला?

सागवान
एक दिवस सारस ऐकू आला नाही, तर काही बिघडत नाही. घुबड यांच्याशी मी पहिल्यांदाच सहमत आहे.

तेंदूपान
घुंगराचा उपयोग होतो, पण वारुळातली उधई म्हणजे वाळवी तोंडाने ओढताना अस्वल स्वतःच एवढा मोठा आवाज करते, की त्याला घुंगरू ऐकू येईलच असे नाही. ताईंचे म्हणणे मला पटते. आमच्या बीटावर, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, आम्हीही गप्प चालत होतो, फक्त उजेडात चालत होतो.

मध्यमवर्गीय
गोंदियात व्यायामशाळेत ट्रेडमिल असतात. महिन्याची वर्गणी भरावी.

कालवाकाठ
वनरक्षकांना काल कळवले. मोहाखाली जाणाऱ्या बायकांना ते आज निरोप देणार आहेत. माझ्या वाटेवर मोहाची अकरा झाडे निघाली. सहा वर्षांत मी ती कधी मोजली नव्हती. शाळेच्या दिवशी गावाकडच्या अंगाने तलावाच्या पाळीवर फेऱ्या मारते, कारण तिथे दोन्ही बाजूंना मोकळे आहे आणि घरचेही तेवढ्याला राजी झाले आहेत. रविवारी सूर्य वर आल्यावर कालव्याच्या वाटेने जाईन. पाळीवर रातवा नाही, टिटव्या मात्र आहेत आणि त्या मला अजून ओळखत नाहीत. रोज डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात.

खाकीचे स्वप्न
ताई, पाळ सरळ आहे का आणि लांबी किती भरते? ४०० मीटर असेल, तर चार फेऱ्यांत आमचे १६०० होतात.