बिघाड बंदुकीत नव्हता, काडतुसात होता
छऱ्याच्या बंदुकांबद्दल (शॉटगन) एक मत असं, की जवळच्या लढाईत दुनळीच भरवशाची, आणि पंपवाली, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे करून पुढचं काडतूस भरायची बंदूक, चिखलात दगा देते. ते मला अर्धंच पटतं. दुनळीचे दोन बार झाले की नळ्या उघडून पुन्हा भरण्यात वेळ जातो, आणि अरुंद खंदकात तेवढा वेळ कोण देणार? पहिल्या महायुद्धात, १९१८ साली फ्रान्समध्ये अमेरिकी सैनिकांकडे विंचेस्टर १८९७ होती. पंपाची, सहा काडतुसं घेणारी. चाप दाबून ठेवून नुसता पंप मागेपुढे केला तरी बार उडत. जर्मनीने त्या सप्टेंबरात तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता.

खरा त्रास काडतुसांनी दिला. त्यांची कवचं कागदाची, ओलीने फुगायची आणि नळीत बसायचीच नाहीत. म्हणून पूर्ण पितळी काडतुसं काढावी लागली. फुगलेलं काडतूस दुनळीतही गेलं नसतं.