अनुभव धागा: भेटल्यावर सांगायचं म्हणून

छावणीकर_ताई:
जय ख्रिस्त. शनिवारी आईच्या कबरीला चुना लावायला गेले होते. ईस्टरची पहाटेची उपासना आमच्याकडे दफनभूमीतच असते, म्हणून आदल्या दिवशी सगळे झाडलोट करून घेतात. आधी हे काम आईचं असायचं. गवत उपटता उपटता ती बाबांशी बोलायची. मोसंबीला बहार चांगलाय, पोरीचं बी.एड. झालं, असं काहीबाही. मी विचारलं, बाबांना ऐकू येतं का गं? म्हणाली, "ते मला माहीत नाही. पण भेटल्यावर एवढं सगळं एकदम कसं आठवंल? म्हणून उजळणी करायले." चुन्याचा ब्रश हातात होता, तिथंच बसून राहिले. सार्वकालिक जीवन, म्हणजे मरणानंतरचं कधी न संपणारं जीवन, हा शब्द आपण संडे स्कूलपासून ऐकतो. तुमच्या घरात तो रोजच्या जगण्यात कुठं दिसला? लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

गंजगोलाई:
लातूर, एप्रिल 2016. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं ते दिवस. रविवारी चर्चमध्ये वाचनाला नेमका बायबलातल्या प्रकटीकरणाचा 22 वा अध्याय, जीवनाच्या पाण्याची नदी. वाचणाऱ्या काकांचा आवाज त्या ओळीवर अडकला, कुणी मान वर केली नाही. घरी आल्यावर आजीनं आमच्या ड्रममधून एक घागर भरली आणि शेजारच्या बाळंतिणीकडं नेली. आई भडकली. आजी एवढंच म्हणाली, "मला तिकडं नदी हाय, तिच्या लेकराला आज न्हायाला नाय." आई दोन दिवस आजीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी घागर तिनंच नेली.

मोसंबीवाला:
ताई जालन्याच्या का? आमच्याकडं यंदा फळगळ लई हाय. ऊन बी बेकार.

छावणीकर_ताई:
माहेर जालना, दादा. पाणी तुटू देऊ नका या दिवसांत.

बेथेलचा_नातू:
जालना आलं की राहवत नाही. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी (बाप्तिस्मा 1843) जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. आमचे आजोबा तिथलेच. किराणा उधारीवर यायचा, पण शनिवारी संध्याकाळी खातं निल करून येणार म्हणजे येणार. पावसात, तापात, कसंही. "धनी कधी बोलावील नेम नाही, कुणाच्या वहीत नाव ठेवून जायचं नाही." ते गुरुवारी गेले. अंत्यविधी उरकून वडील दुकानात गेले की तीन-चार दिवसांचं काही असेल तर देऊ. दुकानदारानं वही उघडून दाखवली. बुधवारीच येऊन देऊन गेले होते. पान कोरं.

गंजगोलाई:
काटा आला अंगावर.

रात्रपाळी:
वॉर्डातून लिहितेय, मध्येच थांबले तर समजून घ्या. 2021 ला नवरा गेला, कोविडनं. जो तो म्हणायचा, रडू नको, चांगल्या जागी गेलाय. मला तो इथं हवा होता. वर्षभर चर्चची पायरी चढले नाही. पाळकबाई दर मंगळवारी यायच्या. उपदेश नाही, काही नाही, माझ्याबरोबर भाजी निवडायच्या. एकदा मेथी निवडताना म्हणाल्या, "लाजर हा मित्र मेला, तेव्हा त्याच्या कबरीपाशी प्रभूपण रडला. आणि त्याला तर माहीत होतं, हा आत्ता उठणार आहे." मी त्या मेथीवर तोंड ठेवून रडले. नवरा भेटणार हे मी आता पुन्हा मानते. अगदी मनापासून मानते. पण इथं कुणाचं माणूस गेलं तर 'चांगल्या जागी' हे शब्द तोंडातून काढत नाही. स्टूल ओढते आणि बसते.

बेथेलचा_नातू:
ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

परभणीची_माई:
राम कृष्ण हरी. तुमच्यातलं मला फार कळत नाही, पण नर्स बाईचं वाचून डोळे भरले. माय, जेवलीस का ड्युटीवर? आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं, नाताळाला करंज्या यायच्या. आजीबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तरी नातीकडून तुळशीला पाणी घालून घ्यायच्या. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाल्या, जायचंय म्हणून झाडाला उपाशी ठेवू का?

रात्रपाळी:
जेवले माई. पिठलं-भाकर.

मोसंबीवाला:
ताई, चुन्यात डिंक घालता का? नुसता चुना हाताला लागतो, पहिल्या पावसात जातो. आम्ही झाडाच्या खोडाला बोर्डो लावतो, त्यात मोरचूद असतं, कबरीला नाही चालायचं. डिंक रात्री भिजवून घाला.

छावणीकर_ताई:
अरे देवा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई काय घालायची कुणास ठाऊक, तिचा चुना दिवाळीपर्यंत टिकायचा. येत्या रविवारी परत जातेच आहे, तेव्हा डिंकाचा हात देते. आणि तिला तुमच्या फळगळीचंही सांगते.